गावच्या संस्थांसाठी निधीशोध: प्रकल्प नोंदी (जून २०२४ ते एप्रिल २०२५)

१० जून २०२४, राजगुरुनगर

लोकसभेची आचारसंहिता उठली, सरकारी टेबलं हलायला लागली. आजपासून काम सुरू. खेड तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातले, भीमाशंकरच्या वाटेवरचे तीन गट घेतलेत: सरकारी प्रतवारीत सगळ्यात खालच्या 'ड' वर्गाचं एक जुनं सार्वजनिक वाचनालय, नाचणीचे पदार्थ करणारा महिलांचा बचत गट आणि एक तरुण मंडळ. तिघांचीही नजर सीएसआरवर, म्हणजे कंपन्या समाजकामावर खर्च करतात त्या पैशावर. पहिलं वाक्य एकच: "चाकणच्या कुठल्या तरी कंपनीचा सीएसआर मिळवून द्या."

प्रत्येकाला कोरा कागद दिला आणि सांगितलं, तीनच गोष्टी लिहा. काय हवं, किती रुपयांचं, कधीपर्यंत. वाचनालयाने लिहिलं 'इमारत'. मंडळाने लिहिलं 'अँब्युलन्स'. रक्कम आणि तारीख दोघांचीही कोरी. बचत गटाच्या ताईंनी मात्र दळायचं यंत्र आणि पिशव्या बंद करायचं मशीन, दिवाळीच्या आधी, असं लिहून दुकानदाराचं कोटेशनच सोबत टाचलं होतं. पैसे कुणाला आधी मिळतील याचा अंदाज मला तिथेच आला.

१४ जून

वाचनालयाची कपाटं उघडली. पुस्तकांची नव्हे, कागदांची. नोंदणी दुहेरी आहे, १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली, ते ठीक. पण धर्मादाय कार्यालयातून विश्वस्त नोंदवहीचा उतारा काढला तर त्यावरचं कार्यकारी मंडळ जुनं निघालं. त्यातले दोघे आता हयात नाहीत, एक मुलाकडे ठाण्याला. गेली कित्येक वर्षं जे काम बघताहेत त्यांची नावं सरकारदरबारी कुठेच नाहीत.

विश्वस्त कायद्याचं कलम २२ सांगतं की विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा. सगळे त्याला चेंज रिपोर्टच म्हणतात. इथे दर निवडीचा वेगळा अर्ज, सोबत त्या सभेची सूचना, हजेरी, ठराव, नव्या माणसांची संमतीपत्रं, आणि उशिराबद्दल विलंबमाफीचा अर्ज. अध्यक्ष अण्णा म्हणाले, "आपल्यात भांडण नाही, मग कोर्टासारखं हे कशाला?" भांडण नाही म्हणूनच आत्ता करायचं. उद्या गट पडले तर हेच अर्ज वर्षानुवर्षं चालतात.

बाहेरचा कोणताही देणारा हा उतारा, पॅन, तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल आणि बँकेतल्या सहीदारांची नावं मागतो. चारही कागदांवर नावं जुळली नाहीत तर प्रस्ताव कितीही सुंदर लिहा.

२८ जून

वाचनालयाचा हिशोब मांडला. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखालचं अनुदान हाच त्यांचा मुख्य आधार. २०२२ मध्ये सरकारने ६० टक्के वाढ केली, तेव्हा 'ड' वर्गाचं ३० हजारांचं वर्षाचं अनुदान ४८ हजार झालं. त्यातली निम्मी रक्कम वेतनाला. म्हणजे ग्रंथपालाच्या हातात महिन्याला दोन हजार. ते दादा सकाळी दुधाच्या डेअरीवर असतात, संध्याकाळी वाचनालय उघडतात. बाकीच्या २४ हजारांत पुस्तकं, नियतकालिकं, वीजबिल, लेखापरीक्षकाची फी.

अनुदान मान्य खर्चाच्या ९० टक्क्यांपर्यंतच मिळतं, हे समितीतल्या फार थोड्यांना माहीत होतं. दहा टक्के संस्थेने स्वतः उभे करायचे असतात. वर्गणीदार वाढवणं इतकं महत्त्वाचं का, ते यातून कळतं. वरचा वर्ग मिळवावा म्हटलं तर वर्गबदल बरीच वर्षं थांबलेलेच होते, तेव्हा त्या आशेवर अंदाजपत्रक बांधायचं नाही असं ठरवलं.

'इमारत' हा शब्द कागदावरून काढून टाकायला लावला. वाचनालय ग्रामपंचायतीच्या खोलीत आहे. जागा स्वतःची नाही, भाडेकरार नाही, मिळकतीच्या ८-अ उताऱ्यावर संस्थेचं नाव नाही. दुसऱ्याच्या जागेवर बांधकामाला कुणी पैसे देत नाही. त्याऐवजी आता लिहिलंय: लोखंडी रॅक, मुलांसाठी बसकी टेबलं, गळक्या छपराची दुरुस्ती. दुरुस्ती ग्रामपंचायतीकडे मागायची, बाकीचं बाहेर.

६ जुलै

आज सर्वात कामाची भेट. तालुक्यातल्या एका पतसंस्थेच्या व्यवस्थापकांना भेटलो. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याचं कलम ६९: राखीव निधी आणि शिक्षण निधीची तरतूद झाल्यावर संस्था निव्वळ नफ्यातून २० टक्क्यांपर्यंत रक्कम सार्वजनिक किंवा धर्मादाय कामासाठी बाजूला काढू शकते. त्यासाठी मान्यता लागते, पण वाट सरळ आहे. अहवालात 'धर्मादाय निधी' नावाची ओळ असते. सभासद वार्षिक सभेत जेवणाच्या घाईत ती ओळ वाचत नाहीत.

वेळेचं गणित महत्त्वाचं. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हावी लागते, नफावाटणीचा प्रस्ताव त्याआधी संचालक मंडळात लिहिला जातो. म्हणजे मागणी जुलैत जायला हवी. ऑक्टोबरात गेलेला अर्ज पुढच्या वर्षाचा. व्यवस्थापक म्हणाले, मागणीचं पत्र एका पानाचं द्या आणि गावातल्या आमच्या सभासदांच्या त्यावर सह्या घ्या. गावात पतसंस्थेचे सभासद भरपूर. ग्रंथपाल दादा लगेच वही घेऊन निघाले.

कंपनीच्या दारात उभं राहण्याआधी हे पैसे का सुचत नाहीत, याचं मला नवल वाटतं. पतसंस्था, दूधसंस्था, विकास सोसायटी, सगळीकडे आपलेच लोक बसलेत. बहुधा म्हणूनच मागायला संकोच वाटत असावा.

२३ जुलै

बचत गटाकडे दिवसभर. पाऊस इतका की बोलणं ओरडून. गट 'उमेद'मध्ये, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानात आहे, दशसूत्री (गटांसाठीचे दहा नियम) पाळतात, वह्या चोख. आपसात कर्जाला वापरायचा फिरता निधी मिळालेला आहे. राज्याने तो २०२३ मध्ये १५ हजारांवरून ३० हजार केला, त्याआधीच यांना मिळून गेला. ग्रामसंघाकडून, म्हणजे गावातल्या गटांच्या संघाकडून, समुदाय गुंतवणूक निधी मिळू शकतो, पण तो परतफेडीचा पैसा. "म्हणजे कर्जच ना?" मावशींनी एका वाक्यात निकाल लावला.

मग पीएमएफएमई, सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची केंद्राची योजना. यंत्रासाठी ३५ टक्के अनुदान, वैयक्तिक उद्योगाला कमाल १० लाख. दहा टक्के स्वतःचे, बाकी बँकेचं कर्ज. अनुदान हातात पडत नाही, कर्जखात्याशी जोडलेलं राहतं आणि तीन वर्षं हप्ते नीट गेले की वळतं होतं. गटांसाठी वेगळा भाग आहे: अन्नप्रक्रिया करणाऱ्या सभासदाला ४० हजारांपर्यंत बीजभांडवल, खेळतं भांडवल आणि छोट्या अवजारांसाठी. हेही सभासदाने गटाला परत करायचं असतं, त्यामुळे पैसा गटातच फिरतो.

गटात दोन मतं. तरुण ताईंना कर्ज चालेल. वयाने मोठ्या मावश्यांचा अनुभव सावकाराचा, सोसायटीचा. त्यांना कर्ज शब्दच नको. मी कुणाची बाजू घेतली नाही. कोटेशन काढून फक्त इतकं मांडलं: यंत्र एवढ्याचं, दिवसाला दळण एवढं, पाकिटं एवढी, महिन्याचा हप्ता एवढा. दिवाळीचे दोन महिने आणि उन्हाळ्यातले पापडाचे दोन महिने सोडले तर हप्ता जड जातो हे त्यांनीच बोटांवर मोजून सांगितलं. निर्णय पुढच्या बैठकीत.

एक इशारा देऊन ठेवला. ही योजना करून देतो म्हणून पाच-दहा हजार मागणारे लोक फिरताहेत. जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेली असते, प्रकल्प अहवालापासून परवान्यापर्यंत मदत तिने करायची, आणि तिचं मानधन योजनेतून मिळतं. बायकांनी खिशातून द्यायचं नसतं. अन्न परवान्याची साधी नोंदणी १२ लाखांच्या उलाढालीपर्यंत चालते, फी वर्षाला १०० रुपये.

१५ ऑगस्ट

झेंडावंदनानंतर ग्रामसभा. गणपूर्ती झाली, हीच बातमी. विषय आधी लेखी दिले होते म्हणून ते सूचीवर आले. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणावर आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. इथलं उत्पन्नच घरपट्टी-पाणीपट्टीचं, म्हणून रकमा किरकोळ. तरी दहा टक्क्यांतून बचत गटाला वजनकाटा आणि स्टीलची भांडी देण्याचा ठराव झाला. छपराची दुरुस्ती २ ऑक्टोबरच्या सभेत विकास आराखड्यात घालायची असं सरपंचताई म्हणाल्या. आराखड्यात ओळ नसेल तर वित्त आयोगाच्या पैशाला हात लावता येत नाही. त्यामुळे ती ओळ कशी लिहायची ते ग्रामसेवकांसोबत बसून तिथेच ठरवून घेतलं.

३ सप्टेंबर

तरुण मंडळ. गणपती ७ तारखेला, मांडवात घाई. वर्गणीसाठी विश्वस्त कायद्याच्या कलम ४१-क ची परवानगी घेतली का विचारलं, घेतली होती. गेल्या वर्षीचा हिशोबही दिला होता. या पोरांबद्दलचं माझं मत तिथेच बदललं.

अँब्युलन्सबद्दल बराच वेळ बोललो. गाडी मिळणं एकवेळ सोपं आहे, आमदार किंवा खासदार निधीतून, बँकेकडून, देणगीदाराकडून. उद्घाटनाचा फोटो सगळ्यांनाच हवा असतो. पण चालक दोन पाळ्यांत लागतो. डिझेल, विमा, टायर, फिटनेस, आणि रात्री दोनला फोन उचलणारा माणूस. ही वर्षाची रक्कम कुणी देत नाही. फुकट मिळालेला बैल वैरणीला महाग पडतो, तसंच. जिल्ह्यात कितीतरी अँब्युलन्स पंचायतीच्या आवारात चिखलात उभ्या आहेत, त्या त्यांनीही पाहिल्यात.

अध्यक्ष चिडला. "मग आम्ही काय फक्त मांडवच घालायचा?" मी म्हटलं, १०८ ला फोन केल्यावर गाडी गावात यायला किती वेळ लागतो ते वर्षभर लिहून ठेवा. त्या वहीवर आरोग्य खात्याकडे मागणी करता येईल. त्याला ते फारसं पटलं नाही. कबूल.

त्यांनी क्रिकेट स्पर्धेसाठी एका कंपनीकडे सीएसआर मागितला होता, तो का नाकारला हेही सांगितलं. स्पर्धा, मॅरेथॉन, बक्षीस समारंभ असे एकदाच होणारे कार्यक्रम सीएसआरमध्ये धरत नाहीत, असं केंद्राने २०१४ मध्येच स्पष्ट केलंय. तो पैसा जाहिरातीच्या खात्यातला. तिथे माणूस वेगळा, भाषा वेगळी: किती लोक येतील, फलक कुठे लागेल.

२७ सप्टेंबर

पतसंस्थेची सभा झाली. धर्मादाय निधीतून वाचनालयाच्या पुस्तकांसाठी रक्कम मंजूर. सह्यांचं पत्र अध्यक्षांनी सभेत वाचून दाखवलं म्हणे. मान्यता आली की धनादेश.

९ ऑक्टोबर, चाकण

कंपनीच्या सीएसआर विभागात अर्धा तास मिळाला. समोरच्या बाई अनुभवी, गोड बोलून टाळणाऱ्या नव्हत्या. २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १३५: निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं काही एक असेल तर आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च बंधनकारक. स्थानिक भागाला प्राधान्य द्या असंही त्यात आहे, आणि सातव्या अनुसूचीत सार्वजनिक ग्रंथालय उभारणीचा स्पष्ट उल्लेख आहे. हे ऐकून अण्णा खुर्चीत पुढे सरकले.

पुढची यादी ऐकून मागे टेकले. काम करणाऱ्या संस्थेकडे आयकराच्या दोन नोंदण्या हव्यात: १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करसूट). एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ अर्ज भरून मिळालेला क्रमांक हवा. तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव हवा. बाई म्हणाल्या, तुमची मागणी दीड-दोन लाखांची आहे आणि आमची छाननी दोन लाखांना तेवढीच लागते जेवढी वीस लाखांना. म्हणून छोटे प्रस्ताव मागे पडतात.

वाट त्यांनीच सुचवली. ज्या मोठ्या संस्थेसोबत कंपनीचं आधीच काम चालू आहे तिच्या शाळा-वाचन प्रकल्पात आपलं वाचनालय एक केंद्र म्हणून बसवायचं. पैसे त्या संस्थेकडे येतील, रॅक आणि टेबलं वस्तुरूपात आपल्याकडे. अण्णांना हे कमीपणाचं वाटलं. मला वाटलं नाही. वस्तू मिळाल्या की लेखापरीक्षणाचा भारही त्यांच्याकडेच राहतो. त्यांच्या अहवालात आपलं नाव छापलं जाईल की नाही, एवढंच आधी लेखी ठरवून घ्यायचं.

१६ ऑक्टोबर

विधानसभेची घोषणा काल झाली. आचारसंहिता. आमदार निधीचा आणि जिल्हा परिषदेचा विषय २३ नोव्हेंबरच्या निकालापर्यंत बंद. पत्रं तयार करून ठेवायची, तारीख न घालता.

५ नोव्हेंबर

दिवाळीत परदेशातली पोरं गावी आलेली किंवा फोनवर. वाचनालयात वाढलेले दोघे मदत करायला तयार. एक जर्मनीत, भारतीय पासपोर्ट. दुसरा न्यू जर्सीत, तिथलं नागरिकत्व घेतलेला. कायद्याच्या नजरेत हे दोघे अगदी वेगळे. भारतीय नागरिकाने आपल्या कमाईतून नेहमीच्या बँकमार्गाने दिलेला पैसा परदेशी देणगी ठरत नाही. पासपोर्टची प्रत फाईलला लावायची आणि पावती द्यायची. दुसऱ्याचा पैसा मात्र, तो याच गावात जन्मला असला तरी, परदेशी देणगीच. त्यासाठी एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी नियमन कायद्याखालची नोंदणी हवी, दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत खातं हवं, दरवर्षी विवरण हवं. 'ड' वर्गाच्या वाचनालयाने या फंदात पडू नये असं माझं स्पष्ट मत.

न्यू जर्सीचा दादा म्हणाला, "मग आईच्या खात्यावर टाकतो, ती देईल." नको म्हटलं. नातेवाइकामार्फत वळवलेला पैसाही तपासात अडचणीचा ठरू शकतो. त्याने दुसरं काही करावं: मुलांशी महिन्यातून एकदा व्हिडिओवर बोलावं. हे त्याला पैशापेक्षा जड वाटलं, पण हो म्हणाला.

८०जी कधी मिळणार असं पुण्यातल्या एका माजी वाचकाने विचारलं. अर्ज करायचाच आहे, पण त्याचा गवगवा फार होतो. सूट देणाऱ्याला मिळते, संस्थेला नाही. दोन हजारांवरच्या रोख देणगीला मिळत नाही. आणि नव्या कररचनेत ती नाहीच. पगारदारांतले कितीतरी आता नव्या रचनेत गेलेत. देणारा माणूस पावतीसाठी थांबलेला नसतो, कुणीतरी विचारायला येईल म्हणून थांबलेला असतो. कंपन्यांच्या प्रस्तावासाठी मात्र हवंच.

१८ डिसेंबर

बदल अर्जांपैकी जुने मंजूर झाले, शेवटचा बाकी. बँकेतल्या सह्या बदलायला घेतल्या.

बचत गटाने निर्णय केला: दळणयंत्रासाठी पीएमएफएमईचं कर्ज, पण अर्ज गटाचा नाही, दोन ताईंचा वैयक्तिक. यंत्र त्या चालवतील, बाकीच्यांचं दळण ठरलेल्या दराने. मोठ्या मावश्या कर्जाबाहेर राहिल्या, कामात राहिल्या. इतकी नेमकी तडजोड मला सुचली नसती. पिशव्यांचं मशीन त्यांनी दिवाळीच्या कमाईतून आधीच घेतलंय, कुणाकडे न मागता.

२० जानेवारी २०२५

वाचनालय १९५० चं, म्हणजे यंदा ७५ वं वर्ष. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या योजनांत ५०, ६०, ७५, १०० अशी वर्षं साजरी करणाऱ्या ग्रंथालयांना साहाय्याची तरतूद आहे. प्रतिष्ठान १९७२ चं, केंद्र सरकारचं. थेट अर्ज चालत नाही. जिल्हा ग्रंथालय अधिकारी, मग मुंबईतलं ग्रंथालय संचालनालय, मग कोलकाता. स्थापनेचा पुरावा लागेल. नोंदणी प्रमाणपत्र १९५० नंतरचं आहे, स्थापनेचा ठराव मात्र पहिल्या इतिवृत्तात आहे, मोडीत. वाचून देणारे गुरुजी तालुक्यात सापडले. त्यांनी लिप्यंतर करून सही केली, आणि पुढची तीन पानं स्वतःच्या हौसेने करून दिली. पहिल्या वर्षी वर्गणी चार आणे होती, आणि न भरणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहावी असा ठराव आहे. त्यातली दोन आडनावं सध्याच्या समितीत आहेत. बैठकीत पुष्कळ हशा.

२४ फेब्रुवारी

चाकणहून फोन. वर्षअखेर जवळ आली की कंपन्यांकडे न खर्चलेली रक्कम उरते आणि तयार कागद असलेल्याचा नंबर लागतो. आपलं कोटेशन, मोजमाप, खोलीचे फोटो, ग्रामपंचायतीचं संमतिपत्र ऑक्टोबरातच दिलं होतं. मोठ्या संस्थेमार्फत रॅक आणि टेबलं मार्चमध्ये येणार. समितीचं नाव अहवालात येईल, लेखी आलंय.

२९ मार्च

रॅक लागले. पतसंस्थेच्या रकमेतून घेतलेल्या पुस्तकांची बिलं, दाखलनोंद क्रमांक आणि खर्चाचं प्रमाणपत्र एका फाईलमध्ये घालून पतसंस्थेला पोचवलं. त्यांनी ते मागितलं नव्हतं. व्यवस्थापकांनी फाईल दोनदा चाळली आणि पुढच्या जुलैत लवकर या म्हणाले.

छपराची ओळ आराखड्यात आहे, पैसे अजून नाहीत. पावसाळ्याआधी होणार नाही असं दिसतंय. गळणाऱ्या कोपऱ्यात रॅक ठेवलेला नाही.

२१ एप्रिल

मंडळाच्या अध्यक्षाने सप्टेंबरपासूनची १०८ ची वही आणून दाखवली. सांगितलं नव्हतं की लिहितोय. फोनची वेळ, गाडी पोचल्याची वेळ, रुग्णाचं कारण. पावसाळ्यातल्या नोंदी वाचवत नाहीत. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे देण्याआधी रुग्णांची नावं काढून नवी प्रत करायची आहे. एक मुलगा टाईप करतोय. मागणी अशी: पावसाळ्याचे चार महिने गाडी वरच्या आरोग्य केंद्रावर उभी ठेवावी. यात मंडळाचा एक रुपयाही नाही.

बचत गटाच्या दोघींचं कर्ज मंजूर, यंत्राच्या दुकानदाराने जीएसटीचं पक्कं बिल देण्याची टाळाटाळ चालवलीय. गुरुवारी त्याच्याकडे जायचं. ८०जी चा अर्ज लेखापरीक्षण पूर्ण झाल्यावर. कोलकात्याचा प्रस्ताव संचालनालयात पोचल्याची पोच आली आहे.